अमेरिकेतील अपील न्यायालयांचे निकाल : व्यापाऱ्यांनी काय शिकावे?

आपल्या अनेक व्यापारी बांधवांचा माल अमेरिकेला जातो. कपडे, चामड्याच्या वस्तू, हिरे, मसाले, आता संगणकाची कामेही. परंतु तिथल्या न्यायालयांत काय ठरते याकडे आपले लक्ष नसते. नुकसान झाल्यावर मात्र वकील शोधावा लागतो.

प्रथम रचना समजून घेऊ. अमेरिकेत केंद्रीय अपील न्यायालये १३ आहेत. त्यांपैकी १२ प्रदेशवार आहेत. तेरावे ‘फेडरल सर्किट’ हे पेटंट, आयात शुल्क अशा ठराविक विषयांचे अपील देशभरातून ऐकते. बहुतेक खटले तीन न्यायाधीश ऐकतात. वर फक्त सर्वोच्च न्यायालय, आणि तेही मोजकेच खटले स्वीकारते. म्हणून बहुतेक वादांत अपील न्यायालयाचा शब्द हाच शेवटचा ठरतो.

आता चार निकाल पाहू.

१) आयात शुल्क : १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याखाली राष्ट्राध्यक्षांनी लावलेले व्यापक शुल्क बेकायदा असल्याचा निकाल फेडरल सर्किटने २९ ऑगस्ट २०२५ रोजी ७ विरुद्ध ४ मतांनी दिला. मात्र अपिलासाठी मुदत दिल्याने वसुली चालूच राहिली. त्याच आठवड्यात, २७ ऑगस्टपासून, बऱ्याच भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२६ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी हा निकाल उचलून धरला. परताव्याचा प्रश्न मात्र त्यात सोडवला नाही.

२) वर्गणी रद्द करणे : ग्राहकाला वर्गणी सहज बंद करता यावी असा नियम केंद्रीय व्यापार आयोगाने केला होता. आठव्या सर्किटने ८ जुलै २०२५ रोजी तो रद्द केला. हेतू वाईट म्हणून नव्हे, तर दहा कोटी डॉलरहून अधिक आर्थिक परिणाम असलेल्या नियमासाठी आवश्यक असलेला प्राथमिक अभ्यास आयोगाने केला नव्हता म्हणून.

३) यंत्राने काढलेले चित्र : कॉपीराइटसाठी निर्माता माणूसच हवा, असे वॉशिंग्टनच्या डी. सी. सर्किटने १८ मार्च २०२५ रोजी सांगितले. माणसाने यंत्राची मदत घेऊन केलेल्या कामाला मात्र त्याने सरसकट मनाई केलेली नाही.

४) पुस्तकांच्या प्रती : छापील पुस्तके स्कॅन करून प्रकाशकांच्या परवानगीशिवाय इंटरनेटवर वाचायला देणे हा ‘न्याय्य वापर’ नव्हे, असे दुसऱ्या सर्किटने ४ सप्टेंबर २०२४ रोजी ठरवले. वाचन फुकट होते, तरीही.

यातून धडा कोणता? शुल्क भरतो तो तिथला आयातदार. परतावा मिळाला तर कायद्याने तोही त्यालाच. समजा, शुल्काचा भार वाटून घ्यायचा म्हणून तुम्ही दर दहा टक्क्यांनी उतरवला. उद्या त्याला पैसे परत मिळाले, तर तुमचा वाटा कुठे लिहिला आहे? फोनवरच्या शब्दाला न्यायालयात वजन मिळणे कठीण. म्हणून सूट देताना करारात एक ओळ जरूर घाला : शुल्क परत मिळाल्यास ही सूटही परत करावी लागेल. चित्रे, नक्षी, जाहिराती विकणाऱ्यांनी माणसाने केलेल्या कामाचे कच्चे कागद जपून ठेवावेत.

व्यवहार विश्वासावर चालतो हे खरे, पण विश्वास लिहून ठेवला म्हणजे तो कमी होत नाही. उलट उद्याचा तंटा टळतो.