राजाच्या मेजावरील मफीबोशेथ : शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक पाठ

शास्त्रवाचन : मार्क २:१–१२, २ शमुवेल ४:४ आणि ९:१–१३

कफर्णहूम येथील पक्षाघाती मनुष्याची गोष्ट शिकवणे शिक्षकाला सोपे जाते. चार मित्र, छपराला पाडलेले भगदाड, खाली सोडलेली बाज, आणि शेवटी तीच बाज उचलून चालू लागलेला मनुष्य. मुलांच्या बहुतेक चित्रपुस्तकांत शेवटचे पान हेच असते. आमच्या कपाटातील जुन्या फ्लॅनेलच्या चित्रांतही तेच आहे.

भेस्तानच्या आमच्या वर्गात हा पाठ संपला तेव्हा एका नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "काका, माझ्यासाठी तर सगळी मंडळी प्रार्थना करते. मग माझे हातपाय का दुखतात?" तिला सिकलसेलचा आजार आहे. आम्ही उत्तर शोधत असतानाच मागून एक मुलगा म्हणाला, "तुझा विश्वास कमी असेल." ते वाक्य त्या लेकराचे नव्हते. आम्हा मोठ्यांच्या तोंडून त्याने ते ऐकले होते. पुढचे दोन रविवार ती मुलगी आली नाही.

सुरतेच्या उधना, पांडेसरा, भेस्तान ह्या भागांत खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे आहेत. नंदुरबारचा सातपुडा असो की दक्षिण गुजरातचा आदिवासी पट्टा, सिकलसेल दोहोंकडे आढळतो. म्हणून शिक्षकाला त्याची थोडी माहिती हवी. रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात. ह्या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात. मुलांना सांगावे, गोट्या नळीतून घरंगळत जातात, पण विळ्याची पाती आत अडकतात. जेथे रक्त अडते तेथे असह्य कळा येतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी जेमतेम १० ते २० दिवस; म्हणून अंगात रक्त कमी राहते. थंडी, ताप, अतिश्रम आणि पाणी कमी पिणे ह्यांनी दुखणे उसळते. आजार स्पर्शाने पसरत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक इतकी शक्यता असते की मूल आजारी जन्मेल. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने ह्या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. औषधांनी कळा कमी होतात, परंतु बहुतेकांना हा आजार जन्मभर सांभाळावा लागतो.

ह्याने पाप केले की ह्याच्या आईबापांनी, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने दोन्ही नाकारले (योहान ९:१–३). हे आपण पाठ करतो. मात्र आजाऱ्याच्या घरी गेल्यावर विसरतो.

आता मफीबोशेथाकडे वळू. तो योनाथानाचा मुलगा. पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडला आणि पायांनी अधू झाला. पुढे दावीदाने योनाथानाच्या मैत्रीस्तव त्याला लोदबाराहून बोलावून आणले आणि आपल्या मेजावर कायमचे स्थान दिले. अध्यायाचे शेवटचे वचन नीट पाहा. तो नित्य राजाच्या मेजावर जेवत असे हे सांगून झाल्यावर तेथे पुन्हा सांगितले आहे की तो दोन्ही पायांनी लंगडा होता. पाय बरे झाले नाहीत, आणि मेजावरची जागाही गेली नाही. हे चित्र आम्हांला कोणत्याही छापील संचात मिळाले नाही. मुलांकडूनच काढून घ्यावे लागले.

आम्ही प्रार्थना सोडा असे म्हणत नाही. परंतु ज्या पौलाच्या हातून अनेक बरे झाले, त्यालाही त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढे जावे लागले (२ तीमथ्य ४:२०). त्रफिमाचा विश्वास कमी होता असे पौल कोठेही लिहीत नाही.

मोठ्या मुलांना तेत्सुको कुरोयानागी ह्यांचे 'तोत्तोचान' वाचून दाखवावे. १९८१ साली जपानात निघालेले हे पुस्तक मराठीतही आहे. ते पूर्ण चित्रपुस्तक नव्हे, पण मूळ पुस्तकातील चिहिरो इवासाकी ह्यांची चित्रे फार कोवळी आहेत. पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तो मोठ्या खटपटीने आपल्या झाडावर चढवते तो भाग अवश्य घ्यावा. तो बरा होत नाही. झाडावर मात्र पोहोचतो.

लहानांसाठी आम्ही आठ पानांचे हाताने पुस्तक केले. आईवडिलांची संमती घेतली आणि मुलीचे खरे नाव घातले नाही. ही काळजी प्रत्येक शिक्षकाने घ्यावी. पहिल्या पानावर मैत्रीण पाण्याची बाटली भरते, दुसऱ्यावर थंडीत स्वेटर आणून देते, तिसऱ्यावर चुकलेला धडा घरी पोहोचवते. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने विळ्यासारख्या पेशी रंगवल्या, आणि बऱ्याच वेळा खोडून पुन्हा रंगवल्या.

कच्चे पुस्तक आम्ही त्या मुलीच्या घरी नेले. तिने पाने उलटली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काका, सगळ्या पानांवर मी झोपलेलीच का आहे? मी रोज थोडीच आजारी असते?" आठपैकी सहा पानांवर आम्ही तिला अंथरुणात दाखवले होते. चार पाने पुन्हा काढली. एकावर ती लगोरी खेळते आहे. बाटली ओट्यावर ठेवली आहे, आणि राज्य तिच्या मैत्रिणीवर आहे.