सिगारला आधी टेकायला जागा दे

अगं, आधी एक विचारते. सिगार ओढणारा माणूस तू कधी नीट निरखून पाहिलायस का? सिगरेटवाला घाईतला असतो. चार झुरके, थोटूक दाबलं की चालला. सिगारवाला बसतो. तासभर, कधी त्याहूनही जास्त. एक झुरका घेतो, सिगार खाली ठेवतो, गप्पा मारतो, ग्लास उचलतो, मग पुन्हा सिगारकडे वळतो. राख सारखी झटकतही नाही. चांगल्या सिगारची राख इंचभर तशीच लटकून राहते आणि त्याचंच त्या मंडळींना कोण कौतुक! सिगार संपत आली तरी चिरडायची नसते, चिरडली की घाण वास सुटतो. नुसती ठेवून द्यायची, आपोआप विझते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की तुझ्या अ‍ॅशट्रेचा फोटो पाहिला. वाटी सुरेख कोरलीयस, सागाच्या रेषाही छान खुलल्यात. पण काठावरच्या त्या चार खाचा सिगरेटच्या आहेत गं. त्यांत सिगार मावायची नाही आणि मावली तरी कलंडेल. सिगारच्या अ‍ॅशट्रेमध्ये राखेची वाटी दुय्यम, खोबण मुख्य. म्हणून काम खोबणीपासून सुरू कर.

सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. 50 गेज म्हणजे 50/64 इंच, वीस मिलिमीटरला जरासा कमी. हल्ली 60 गेजच्याही ओढतात, त्या चोवीसला टेकतात. म्हणजे 25 मिलिमीटरचा बिट घेतलास की बहुतेक सगळ्या बसल्या. लांबी साधारण पाच ते सात इंच. खोबण पंचावन्न मिलिमीटर तरी हवी, नाहीतर सिगारचा तोल राहत नाही. पेटतं टोक वाटीवर आणि तोंडात धरायचं टोक ठोकळ्याच्या बाहेर, असं बसलं पाहिजे. ओठांना लागणारा भाग लाकडावर लोळलेला कुणाला आवडेल?

आता खोबण पाडायची कशी, ते सांगते. राऊटर नसला तरी अडत नाही. दोन सारखे ठोकळे घे, 200 बाय 125 मिलिमीटर, जाडी चाळीसच्या आसपास. वरची तोंडं एकमेकांवर ठेवून क्लॅम्पने घट्ट आवळ. उभे धरून आडव्या टोकाकडून, बरोबर जोडावर बिटाचं टोक ठेव आणि पंचावन्न मिलिमीटर खोल छिद्र पाड. क्लॅम्प सोडलास की दोन्ही ठोकळ्यांवर अर्धगोल खोबण तयार. दोन्ही टोकांना पाडलीस तर मध्ये बरोबर नव्वद उरतात, वाटीला तेवढे पुरेत. मात्र हे वाटी कोरण्याआधीच कर. ठोकळा भरीव असतो तोवर बिट सरळ चालतो. उभ्या रेषांत भोक पाडणं जिकिरीचं असतं, वेग कमी ठेव आणि दर थोड्या वेळाने बिट बाहेर काढून भुसा झाड. आत पॉलिश पेपर फिरवताना बोटाने घासू नकोस, खळगे पडतात. जुन्या पाइपाच्या तुकड्याला पेपर गुंडाळ. 80 पासून 220 पर्यंत ये, मग ओल्या फडक्याने पुसून वाळू दे. तंतू उभे राहतील, ते हलक्या हाताने पुन्हा 220 ने उतरव.

लाकूड सागच ठीक आहे. जुन्या वाड्याचा मिळाला तर सोनंच, फक्त लोहचुंबक फिरवून खिळे शोध, नाहीतर बिटाची धार गेली. शिसवही सुंदर दिसतं, पण त्याची धूळ कित्येकांना बाधते, मास्क लाव. शिवाय परदेशात पाठवायचं झालं तर 2017 पासून शिसवाच्या सगळ्या जाती सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. त्या नियमांची चौकशी करत बसण्यापेक्षा साग बरा. आणि कुणी सिगारच्या पेटीचं ते 'स्पॅनिश सीडर' सुचवलं तर हसून सोडून दे. त्याच्याच पातळ पट्ट्या पेटवून लोक सिगार शिलगावतात!

आता खरा मुद्दा, विस्तवाचा. लाकूड अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास काळवंडून पेटायच्या बेताला येतं. सिगारचा निखारा स्वस्थ पडलेला असला तरी त्याहून जास्तच तापलेला असतो. तेव्हा नुसती लाकडी वाटी नको, कितीही पॉलिश चोपडलंस तरी नको. आत धातूची वाटी बसव. पुढच्या खेपेला पुण्याला आलीस की कसब्यातल्या तांबट आळीत जाऊ. मठारलेल्या तांब्याची उथळ वाटी करून घेऊ, पाच-सहा मिलिमीटर कड बाहेर वळवलेली. मापं कागदावर आणू नकोस, ठोकळाच घेऊन ये. कड खोबणीच्या तोंडाशी येते ना, तिथे ती चिरून तांब्याची जीभ खोबणीत उतरवून घ्यायची. तांबं लाल तापवून पाण्यात बुडवलं की मऊ पडतं, मग पाइपावर लाकडी हातोडीने ठोकून खोबणीचा आकार देता येतो. सिगार जळत जळत मागे सरकते आणि माणूस गप्पांत विसरतो. तेव्हा निखारा या जिभेवर येतो, लाकडावर नाही. एक मात्र लक्षात ठेव, कुणी आग्रहाने म्हणालं तरी कल्हई करायची नाही. कथील 232 अंशांना वितळतं.

वाटी चिकटवायचीही नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. तांबं त्याच्या तालावर नाचत नाही. भोवती मिलिमीटरभर फट ठेव, कड ती झाकेल. शिवाय वाटी सुटी असली की चिंच-मिठाने घासता येते. ठोकळा धुवायची वेळच येऊ नये.

पॉलिशवाला तुला फ्रेंच पॉलिश नाहीतर लॅकर सुचवील, त्याच्या हाताला तेच बसलेलं असतं. ऐकू नकोस. फ्रेंच पॉलिशमधला चपडा सत्तर-ऐंशी अंशांना मऊ होतो आणि दारूत विरघळतो. सिगारशेजारी व्हिस्कीचा ग्लास असणार हे धरूनच चाल. एक थेंब ओघळला की पांढरं वर्तुळ उमटलंच. नायट्रोसेल्युलोज लॅकर तर चटकन पेट घेतं. मॅट पीयू (पॉलियुरेथेन) घे, पातळ तीन हात दे आणि मध्ये 320 चा पेपर फिरव. साग तेलकट असतो, म्हणून पहिल्या हाताआधी थिनरच्या फडक्याने पूस आणि सुकल्यावर लगेच पीयू लाव. जवसाचं तेल तुला आवडतं, माहीत आहे मला. पण त्याचा वास आठवडेच्या आठवडे जात नाही आणि या लोकांचं सगळं सुख नाकात असतं. शिवाय तेलाचे बोळे चुरगळून टाकले तर आपोआप पेटतात. इतर कामांना वापरशील तेव्हा ते पाण्यात बुडवून मगच फेकत जा.

पीयूलाही पुरता वेळ दे. दोन आठवडे झाले की ठोकळा रात्रभर स्टीलच्या डब्यात बंद करून ठेव. सकाळी झाकण उघडून हुंग. वास आला तर अजून पाठवायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

विकण्याचं म्हणशील तर हॉटेलांच्या मागे लागू नकोस. 2008 च्या नियमांनुसार जिथे धूम्रपानाला बंदी आहे तिथे अ‍ॅशट्रे ठेवायलाच मनाई आहे. तुझं गिऱ्हाईक घरातलं, बाल्कनीतलं. किंमत सांगताना तांबटाचं काम वेगळं दाखव, त्यात तुझी मजुरी बुडवू नकोस. आपल्याकडे बायका सगळ्यांचा हिशेब करतात आणि स्वतःचे तास विसरतात, त्यातली तू नको होऊस.

मला स्वतःला तो धूर अजिबात सोसत नाही आणि तुझे भावोजी तर सुपारीलाही शिवत नाहीत. पण आमच्या खालच्या मजल्यावरचे काका रोज संध्याकाळी गच्चीवर सिगार घेऊन बसतात. पहिला नग त्यांच्याकडे आठवडाभर वापरायला ठेवते. तोंडाचे फटकळ आहेत, काय खटकलं ते सरळ सांगतील. तोवर कुणाचीही ऑर्डर पक्की करू नकोस.