जुन्या दूरध्वनीतील नवा गाभा

फिनलंडमधील नोकिया कंपनीने २००९ साली एन-९०० नावाचा खिशातील दूरध्वनी बाजारात आणला. पडदा वर सरकविला की खालून तीन ओळींचा कळफलक बाहेर येई. आत ६०० मेगाहर्ट्‌झ गतीचा प्रक्रियक व २५६ मेगाबाइट स्मृती एवढेच भांडवल होते. त्याची मीमो ही प्रणाली लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेली होती. हा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्‌स याने १९९१ मध्ये आरंभिला. म्हणजे दोहोंची जन्मभूमी एकच.

असे यंत्र अडगळीत जाते ते झिजल्यामुळेच असे नाही. निर्माता कर्नलची एक प्रत घेतो, तीत आपल्या यंत्रापुरते फेरफार करतो आणि विक्री संपली की तिच्याकडे पाठ फिरवितो. एन-९००ची प्रत २.६.२८ या आवृत्तीवर थांबली. मूळ कर्नलमध्ये पुढे झालेल्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या तिला आपोआप मिळेनात. यावर खरा उपाय एकच: यंत्राच्या प्रत्येक भागाचा चालक मूळ कर्नलमध्येच समाविष्ट करणे. एन-९००साठी हे काम पुष्कळ अंशी स्वयंसेवकांनी केले. २०१७ मध्ये सुरू झालेली पोस्टमार्केटओएस ही प्रणाली याच मार्गाने जाऊ पाहते.

हे काम किती चिकाटीचे असते, हे विद्युत्‌घटावरून कळते. नोकियाच्या प्रणालीत घट भारित करण्याचे नियंत्रण एका स्वतंत्र आज्ञावलीकडे होते व तिची संहिता उघड नव्हती. नवी प्रणाली बसविताच ती आज्ञावली नाहीशी होई; तेव्हा भारण-नियंत्रकासाठी नवा चालक लिहावा लागला. साधी तार जोडण्याच्या क्रियेमागेही इतके असते!

कळफलकाची गोष्ट त्या मानाने सोपी. कळ दाबली असता कर्नलला केवळ आडवी ओळ व उभा स्तंभ कळतो; अक्षर कोणते, हे एक तक्ता ठरवितो. मूळ कळफलकावर आज्ञा लिहिताना लागणारी उभी रेघ नव्हती. तक्ता बदलून ती एखाद्या कळीस देता येते.

चित्रप्रक्रियकाचा खुला चालक मात्र निर्मात्याने दिला नाही, म्हणून रेखाटनाचा भार बहुधा मुख्य प्रक्रियकावर पडतो. आजची संकेतस्थळे २५६ मेगाबाइटांत मावत नाहीत. टिपणे लिहिणे किंवा दूरच्या संगणकास आज्ञा देणे सहज जमते. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे जाळे जेथे बंद झाले आहे, तेथे या यंत्रावरून बोलणे शक्य नाही. वाय-फायवर मात्र ते अजूनही जोडले जाते.