कोळ्याच्या जाळ्यापुढे कॅमेरा

अवधूताने आपल्या चोवीस गुरूंमध्ये कोळ्यालाही मान दिला आहे. स्वतःमधून तंतू काढायचा, त्यावर विहार करायचा आणि शेवटी तोच गिळून टाकायचा, हा त्याचा धडा. भागवताच्या अकराव्या स्कंधात हा तंतू कोळ्याच्या तोंडातून निघतो असे म्हटले आहे. तो प्रत्यक्षात कोठून निघतो, हे मी प्रथम नीट पाहिले ते उज्जैनला, देवास गेटजवळ मामांच्या परसात.

भाद्रपदाचे दिवस होते. भिंतीपलीकडे बसगाड्यांचा गलबला आणि अलीकडे तगरीच्या झुडपात एक गोल जाळे. त्याच्या मध्यभागी, आठ पाय जोडीजोडीने जुळवून, डोके खाली करून कोळ्याची मादी बसली होती. जाळ्यावर फुलीसारखी पांढरी नागमोडी नक्षी होती. सही केल्यासारख्या या नक्षीवरून आर्जिओपी प्रजातीच्या कोळ्यांना ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात. ही नक्षी कीटकांना भुलवण्यासाठी, की पक्ष्यांना सावध करण्यासाठी, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

अशा विषयाचे छायाचित्र घेताना पहिली अडचण येते ती स्पष्टतेच्या खोलीची. विषय जेवढा, तेवढीच प्रतिमा घ्यायची, तर एफ १६ एवढे बारीक छिद्र ठेवूनही जेमतेम २ मिलिमीटर खोलीचा भाग रेखीव येतो. एफ ४ ला अर्धा मिलिमीटर. प्रतिमा विषयाच्या पाव आकाराची ठेवली, तर एफ १६ ला हीच खोली सुमारे १९ मिलिमीटर होते. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मवर काय आणि आजच्या तेवढ्याच सेन्सरवर काय, गणित तेच. म्हणून कॅमेऱ्याची पाठ जाळ्याला समांतर धरावी. म्हणजे सर्व धागे एकाच पातळीत येतात.

दुसरी अडचण प्रकाशाची. समान आकाराच्या प्रतिमेत फिल्मवर नेहमीच्या चौथा हिस्साच प्रकाश पोहोचतो. शटर मंद ठेवावे, तर वाऱ्याची झुळूक चित्र बिघडवते. यावर उपाय म्हणजे सकाळची निवांत वेळ, तिपाई आणि मागून तिरका येणारा प्रकाश. मागे गडद सावली असली की तंतू चांदीसारखे उजळतात. स्पष्टता साधताना भिंगाचे कडे फिरवत बसण्यापेक्षा कॅमेराच किंचित मागेपुढे सरकवावा.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही पहिल्या सकाळी माझ्या हातून चूक झाली. दवबिंदूंनी लगडलेले जाळे हवे, या हौसेने मी झाडांना पाणी मारण्याचा फवारा जाळ्यावर मारला. क्षणभर मोती चमकले. मग धागे भाराने लोंबले, एकमेकांना चिकटले आणि मादी खालच्या पानांत उतरली. चित्र सुरेख आले. पण त्यात जे होते ते माझे होते, कोळ्याचे नव्हते. शिवाय तिची त्या दिवसाची शिकार बुडाली. मामी एवढेच म्हणाल्या, “तिचं घर मोडून फोटो काढलास होय रे?”

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाहतो, तर तेथेच नवे जाळे! या वेळी मी फक्त तिपाई लावली आणि थांबलो. तासाभराने एक नाकतोडा अडकला. मादी धावली, मागच्या पायांनी त्याला गरगर फिरवू लागली आणि तंतूंचा पांढरा पट्टाच त्याच्यावर गुंडाळू लागली. चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा तो पट्टा पोटाच्या टोकावरील तंतुग्रंथींच्या मुखांतून निघताना स्वच्छ दिसला. तंतू गिळण्याची गोष्ट मात्र खरी आहे: चक्राकार जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे खाऊन त्यातील द्रव्य पुन्हा वापरतात.

विद्यार्थी मित्रांनी हा छंद जरूर करावा. पण प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ, जमिनीपासूनची उंची आणि झाडाचे नाव टिपून ठेवावे. पाठ व पोट अशी दोन्ही बाजूंची चित्रे घ्यावीत. बी. के. टिकादर यांनी भारतातील अशा कोळ्यांचे वर्णन १९८२ च्या ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेतील ग्रंथात केले आहे. तो चाळला की जात ठरवायला नुसते चित्र अनेकदा पुरत नाही, हेही कळते.

फवाऱ्याचे ते चित्र मी जपून ठेवले आहे. त्याच्या मागे लिहिले आहे: ‘पाणी मी मारले.’