फारकत आणि रुजुवात

(नांदेडच्या गोवर्धन घाटाच्या पायऱ्यांवर, गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी. मामांनी नोकरीची पहिली वर्षे लातूरच्या गंजगोलाईतील एका अडतीवर मुनीम म्हणून आणि पुढची अठ्ठावीस वर्षे एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. भाची लातूरच्या एका शिकवणी वर्गात चार वर्षे भौतिकशास्त्र शिकवून हैदराबादेस गेली. तीन वर्षांनी त्याच वर्गाच्या संचालकांनी तिला परत बोलावले आहे.)

भाची : मामा, सरांचा निरोप येऊन आठ दिवस झाले. पगार पूर्वीपेक्षा अधिक, तास पूर्वीइतकेच, शिवाय आई लातूरलाच. नाही म्हणण्याजोगे त्यात काहीच नाही. तरी ज्या दारातून एकदा बाहेर पडले त्याच दारातून पुन्हा आत शिरायचे म्हटले की पाय जड होतात. हैदराबादेस आमच्यात अशा परतणाऱ्यांना ‘बूमरँग’ म्हणतात; तो शब्द कानी आला की आपण कोणीतरी भिरकावलेली वस्तू आहोत असे वाटते.

मामा : शब्द मला नेमका वाटत नाही. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचे जे परतणारे बूमरँग, ते फेकणाऱ्याच्या हाती येते ते वाटेत कशावरही न आदळल्यामुळे. ज्याने लक्ष्य गाठले ते तिथेच पडते. माणसाचे अगदी उलट आहे, कारण तो जिथे जातो तिथे राबतो, ठेचाळतो, काही कमावून आणि काही गमावून बसतो, आणि तेवढे झाल्यावर जर परतला तर गेलेला माणूस तो राहिलेलाच नसतो. आपल्याकडे या गोष्टीसाठी वेगळे नाव शोधण्याची गरज पडली नाही, कारण ती दरवर्षी उद्याच्याच दिवशी गावोगाव घडत आली आहे. तुझ्या आजोबांकडचा सालगडी आठवतो?

भाची : आठवतो. मला खांद्यावर बसवून मळ्यात न्यायचा. मध्ये एक वर्ष तो दिसेनासा झाला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गोठ्यात हजर.

मामा : ते वर्ष तो शिवेपलीकडच्या एका बागाइतदाराकडे होता. मराठवाड्यात शेतीच्या चाकरीचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला उगवते आणि फाल्गुनी अमावास्येला मावळते. किती रोकड, किती पोती ज्वारी, कपडे कोणते, आणि खाडे झाले तर ते कसे भरून द्यायचे, हे सारे पाडव्याच्या आसपास चार माणसांसमक्ष ठरते. त्या एका दिवशी जुना करार आपोआप संपलेला असल्यामुळे दुसऱ्याकडे साल धरणाऱ्यावर बेइमानीचा आळ येत नसे, आणि पुढच्या पाडव्याला जुन्याच वाड्यासमोर येऊन उभा राहिला तर त्यात मान खाली घालण्याजोगेही कोणाला काही दिसत नसे. आजोबांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, की तिकडची उचल फिटली का. फिटली म्हणाला, आणि बोलणे तिथेच संपले.

भाची : तो प्रश्न मला कठोर वाटतो. आल्या माणसाला पहिल्यांदा देण्याघेण्याचेच विचारायचे?

मामा : कठोर नव्हे, त्याच्याच रक्षणाचा होता. सालाच्या आरंभी घेतलेली उचल फिटली नाही, तर ती पुढच्या सालावर चढते, तिच्यावर आजारपणाचे आणि लग्नकार्याचे कर्ज चढते, आणि मग तो गडी दर पाडव्याला त्याच दारी उभा दिसला तरी त्याला परतणे म्हणता येत नाही, कारण तो तिथून कधी सुटलेलाच नसतो. या साखळीवर कायद्याचा घाव बसला तो वेठबिगारी उच्चाटनाच्या 1976 च्या अधिनियमाने, ज्याचा अंमल 25 ऑक्टोबर 1975 पासून धरला जातो. परंतु मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडीने वा ट्रकने कारखान्यांकडे निघणारी ऊसतोडीची कुटुंबे पाहिलीस तर ती साखळी पुरती तुटली असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. म्हणून कोणी जुन्या धन्याकडे परतला असे ऐकले की मी प्रथम हे पाहतो, की त्याला जाण्याची मोकळीक होती काय. ती नसेल तर परतण्याचे कौतुक करणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

भाची : मग माझेही तपासा. मला कामावर घेताना एका कागदावर सही घेतली होती, की नोकरी सोडल्यावर दोन वर्षे लातूरात दुसऱ्या कोणत्याही वर्गात शिकवणार नाही. हैदराबादेस जाण्याचे अर्धे कारण तो कागद होता.

मामा : आणि मला कधी विचारले नाहीस! 1872 चा भारतीय करार कायदा आहे, त्याच्या कलम 27 प्रमाणे कोणालाही वैध धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. नोकरी चालू असताना अशी अट एक वेळ टिकेल. नोकरी संपल्यानंतर पोटापाण्याच्या आड येणारी अट आपल्याकडील न्यायालये सामान्यतः उचलून धरत नाहीत. आता जाशील तेव्हा नव्या कागदात तेच वाक्य पुन्हा येते का ते डोळ्यांत तेल घालून पाहा.

भाची : सरकारी नोकरीत बरे असते. तिथे म्हणे माणूस दुसरीकडे जाऊनही आपली जागा राखून ठेवतो.

मामा : त्याला धारणाधिकार म्हणतात. कायम झालेला कर्मचारी रीतसर परवानगीने दुसऱ्या सरकारी पदावर गेला, तर केंद्राच्या नियमांप्रमाणे साधारण दोन वर्षे त्याचा मूळ पदावरील हक्क शाबूत राहतो, आणि तेवढ्या मुदतीत तो परत येऊन रुजू होऊ शकतो. पण त्याच दप्तरात दुसरी बाजूही आहे. राजीनामा देऊन गेलेल्याला तो मागे घेऊ देण्याची सवलत 1972 च्या केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांत ठेवली होती, तिला अटी होत्या: कार्यमुक्त होणे आणि पुन्हा हजर होणे यांत 90 दिवसांहून अधिक काळ जाऊ नये, ते पद रिकामे असावे, आणि सोडण्यामागे सचोटीला बट्टा लावणारे कारण नसावे. आणि जो खासगी व्यापारी कंपनीत नोकरी धरण्याच्या हेतूने राजीनामा देऊन गेला, त्याची विनंती स्वीकारूच नये, असेही त्याच नियमात होते. म्हणजे प्रपंचाच्या अडचणीने गेलेल्याला सरकार दार किलकिले ठेवते, आणि बाजारात भाव पाहण्यासाठी गेलेल्याला ते लावून घेते. मला हा नियम नीटसा पटलेला नाही. बाहेरचे जग पाहून आलेला माणूस कचेरीला उपयोगाचाच ठरला असता.

भाची : मोठ्या पदांवर तसे घडलेले दिसते की.

मामा : आपल्याच दोन जिल्ह्यांत बघ. नांदेडचे शंकरराव चव्हाण 1975 ते 1977 मुख्यमंत्री होते. पुढे केंद्रात गृह खात्यासह अनेक खाती सांभाळून 1986 मध्ये त्याच खुर्चीवर परतले. लातूरचे विलासराव देशमुख 1999 ते 2003 आणि पुन्हा 2004 ते 2008. उद्योगात पाहशील तर नंदन नीलेकणी 2009 मध्ये इन्फोसिस सोडून आधारच्या कामाला गेले, त्या कामातला पहिला आधार क्रमांक 2010 मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला, आणि 2017 मध्ये ते अध्यक्ष म्हणून त्याच कंपनीत परत आले. पण अशा माणसांच्या परतण्यावरून तू स्वतःचे अनुमान काढू नकोस. त्यांची वाट पाहणारे पुष्कळ असतात. तुझा प्रश्न मुनिमाच्या प्रश्नाजवळचा आहे, आणि तो मी स्वतः भोगलेला आहे.

भाची : तुम्ही अडत सोडून परतला होता? हे घरात कोणी कधी बोलले नाही.

मामा : बोलण्यासारखे काय होते! गंजगोलाईत, म्हणजे नगररचनाकार फय्याजुद्दीन यांनी आखलेल्या त्या वर्तुळात, जिथे सोळा रस्ते मध्यभागी येऊन मिळतात, तिथल्या एका अडतीवर मी तुरीची आणि करडईची पट्टी करीत असे. मग नांदेडच्या एका जिनिंगवर अधिक पगार मिळाला म्हणून निघालो. निघताना शेठजींना दिवाळीचा पाडवा होऊ द्या म्हणालो, कारण शेतकऱ्याचे वर्ष चैत्रात बदलते तसे व्यापाऱ्याच्या वह्यांचे वर्ष दिवाळीत बदलते. कीर्द-खतावणीचा ताळा घालून दिला, येणी-देणी समजावून सांगितली, आणि मगच किल्ल्या ठेवल्या. चौदा महिन्यांनी जिनिंगचा हंगाम आटोपला, माझेही मन तिथे लागेना, आणि मी परतलो. शेठजींनी एका शब्दाने काही न विचारता तीच खतावणी माझ्यापुढे सरकवली.

भाची : मग जड काय गेले?

मामा : त्या चौदा महिन्यांची पाने दुसऱ्याच्या अक्षरात होती. ज्या औशाच्या कुळाला मी डोळे मिटून हजार रुपये उचल दिली असती त्याच्या नावापुढे थकबाकी चढली होती, कारण त्याचा थोरला मुलगा गेला होता आणि मला ते ठाऊकही नव्हते. ज्याला मी बुडवा समजत असे त्याने पै न पै फेडली होती. पहिल्या आठवड्यात मी जुन्या स्मरणावर व्यवहार केले आणि दोन ठिकाणी चुकलो. तेव्हा उमगले, की माझ्या डोक्यातली अडत मी सोडली त्या दिवशीची होती, आणि समोरची अडत माझ्यावाचून चौदा महिने पुढे गेलेली होती. मग महिनाभर रात्री दिवा लावून ती परकी पाने वाचली, प्रत्येक नोंद बिलाशी ताडून पाहिली. जुन्या कारकुनी भाषेत याला रुजुवात घालणे म्हणत. रुजू होणे एका दिवसात उरकते, रुजुवातीला वेळ लागतो.

भाची : ती पाने ज्याच्या अक्षरात होती, त्याचे काय झाले?

मामा : हा प्रश्न मला त्या वयात सुचला नाही, आणि त्याची खंत मला अजून आहे. तो मुलगा धाकटा मुनीम होता. मी परतताच पुन्हा काट्यावर वजने टिपायला गेला. पुढे कारखान्यात हाच प्रकार मी टेबलाच्या पलीकडून पाहिला. उसाच्या रसात साखरेचा दाणा नेमका कधी धरतो हे काचेवरच्या थेंबावरून ओळखणारा एक पॅनमन आमच्याकडून शेजारच्या जिल्ह्यात गेला. 2016 चा दुष्काळ तुला आठवत असेल, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते ते साल. त्यापुढच्या हंगामात उसाअभावी काही कारखान्यांची धुराडी पेटलीच नाहीत, आणि गडी पांगले. ऊस परत आला तेव्हा त्या पॅनमनला चढ्या पगारावर बोलावून घेतले. काम त्याने उत्तम केले. परंतु दुष्काळात अर्ध्यामुर्ध्या पगारावर यंत्रे पुसत थांबून राहिलेल्या त्याच्या जोडीदाराला त्या महिन्याच्या पगारपत्रकावर सही करताना मी पाहिले. त्याने दोन्ही आकडे वाचले, आणि काही न बोलता पेन खाली ठेवले. बाहेर जाऊन आलेल्याला बाजारभाव मिळतो, थांबलेल्याला जुन्याच वाढी मिळतात, आणि व्यवस्थापनाला त्यात काही वावगे दिसत नाही. ही चूक परतणाऱ्याची नव्हे, पण तिचा ताप त्याच्याच वाट्याला येतो.

भाची : आमच्याकडेही एक जण थांबली आहे. आम्ही दोघी एकाच दिवशी लागलो होतो. आता विभाग तीच सांभाळते. सरांनी मला सांगितलेला आकडा तिच्या पगाराहून अधिक असावा असा माझा कयास आहे.

मामा : तू सोडलेस ते कोणत्या महिन्यात?

भाची : नोव्हेंबरात. हैदराबादची जागा तेव्हाच रिकामी होती. नीटची परीक्षा मे महिन्यात असते, मामा. म्हणजे माझी बॅच ऐन मध्यावर होती, विद्युतचुंबकत्व नुकते सुरू केले होते. आठ दिवसांची सूचना दिली आणि निघाले. उरलेला अभ्यासक्रम तिने स्वतःचे तास सांभाळून रात्रीच्या जादा तासांत पुरा केला. त्या मुलांतले पुष्कळसे उदगीर, मुखेड, कंधारकडचे, खोली भाड्याने घेऊन राहिलेले. त्यांना मी निरोपसुद्धा नीट दिला नाही. पाय जड होतात ते बहुधा याने, बूमरँग या शब्दाने नव्हे.

मामा : म्हणजे तुझी फारकत, देणेघेणे चुकते करून मोकळे होणे, पुरी झालेलीच नाही. सरांशी झाली असेल, कारण त्यांनीच बोलावले. पण उरली ती देणी सरांची नव्हतीच.

भाची : मग मी जाऊ नये?

मामा : तसे मी कुठे म्हणालो? जाणार असशील तर कागदोपत्री मात्र दोन गोष्टी पाहून घे. भविष्यनिर्वाह निधीचा तो बारा आकडी क्रमांक बदलू देऊ नकोस आणि हैदराबादची रक्कम काढून न घेता तिकडून इकडे वर्ग कर, कारण 1995 च्या योजनेप्रमाणे निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते आणि रक्कम न काढता राखलेली निरनिराळ्या ठिकाणची सेवा त्यात एकत्र धरता येते. उपदानाचे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे, तसे नाही. त्याला सामान्यतः पाच वर्षांची सलग सेवा लागते, आणि राजीनाम्याने सलगता तुटते. तुझी पहिली चार वर्षे त्या हिशेबातून गेली; सर आपण होऊन ती धरायला तयार झाले आणि तसे लिहून दिले तरच ती मोजली जातील. तेव्हा विचारून पाहा. विचारण्यात कमीपणा नाही.

भाची : विचारीन. पण सरांना भेटण्याआधी मला तिला भेटले पाहिजे. माझा आकडा तिला माझ्याच तोंडून कळावा, आणि तिच्या जागेला धक्का लागणार असेल तर तेही मला तिच्याकडूनच कळावे. आणि त्या वर्षीची वही तिच्याकडे असेल, कोणता मुलगा कुठे लागला याची. ती वाचायची आहे.

मामा : परवा सकाळी सहाची गाडी लोहा-अहमदपूर करीत दहाच्या आत लातूरला पोचते. तिचा वर्ग किती वाजता सुटतो?

भाची : साडेअकराला. खाली कडुनिंबाचे झाड आहे, तिथे थांबेन.