संगणकाच्या आवाजाचा कारभार

घरगुती संगणकाला आज अनेक तोंडे असतात आणि अनेक कान असतात. त्याच्या अंगचे स्पीकर, तारेचा हेडफोन, बिनतारी हेडसेट, मॉनिटरमध्ये बसवलेले स्पीकर ही त्याची तोंडे. अंगचा मायक्रोफोन, हेडसेटच्या दांडीवरचा मायक्रोफोन, कॅमेऱ्यातला मायक्रोफोन हे त्याचे कान. कोणत्या तोंडाने बोलावे, किती मोठ्याने बोलावे आणि कोणत्या कानाने ऐकावे, हे संगणकाला दिवसातून अनेकदा ठरवावे लागते. बहुतेक वेळा तो हे कोणाला न विचारता ठरवतो. निर्णय बरोबर ठरला तर त्याची दखलही घेतली जात नाही. तो चुकला, तर मात्र कुठे चालू असलेला वर्ग खोळंबतो, कुठे कानावर एकाएकी आघात होतो आणि दृष्टिहीन माणसाच्या हातातला संगणक तर पूर्णपणे मुका होतो. म्हणूनच हा कारभार कसा चालतो हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रश्न कसा निर्माण झाला

आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ साली बाजारात आला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्याच्या पेटीत एक लहानसा स्पीकर होता. एका वेळी एकच स्वर काढणे एवढेच त्याचे सामर्थ्य. आवाज लहानमोठा करण्यासाठी बटणही नव्हते. पुढे १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ नावाचे ध्वनिकार्ड आणले आणि संगणकातून संगीत व माणसाचा आवाज ऐकू येणे सर्वसामान्य झाले. तरीही कार्ड एकच असे, ते पेटीच्या आत कायमचे बसवलेले असे, आणि आवाज कमीजास्त करायचा तर माणूस स्पीकरचीच खुंटी पिळत असे.

चित्र पालटले ते साधने बाहेरून जोडता येऊ लागली तेव्हा. यूएसबीवर चालणाऱ्या ध्वनिसाधनांचा समाईक संकेत १९९८ साली ठरला. एचडीएमआय ही जोडणी २००२ साली आली. तिच्या एकाच तारेतून चित्र आणि ध्वनी दोन्ही मॉनिटरकडे जाऊ लागले. ब्लूटूथमुळे तर तारही उरली नाही. आता संगणक चालू असतानाच साधने येतात आणि जातात. पाहुण्यांची अशी सततची ये-जा असलेल्या घरात यजमानाला काही नियम ठरवावेच लागतात.

साधन आल्याचे कसे कळते

हेडफोनची पिन खोबणीत शिरली की आतल्या बारीक स्विचची स्थिती बदलते. ध्वनीचे काम पाहणारी चिप हा बदल टिपते आणि तसे ड्रायव्हरला, म्हणजे त्या साधनाशी बोलणाऱ्या आज्ञावलीला, कळवते. इंटेल कंपनीने २००४ साली पुढे आणलेल्या ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ या मानकात अशी सूचना पाठवण्याची रीतसर तरतूद आहे. यूएसबीचे साधन तर जोडल्याबरोबर आपली ओळख स्वतःच सांगते. येथवरचे काम केवळ वर्दी देण्याचे असते. त्या वर्दीवरून काय करायचे, याचा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिम घेते. आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

एकच आकडा, निराळे आवाज

पडद्यावरची सरकपट्टी पन्नास टक्क्यांवर आहे, यावरून प्रत्यक्ष आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. टेबलावरच्या स्पीकरला खोली भरून टाकण्यासाठी जी शक्ती लागते, तिचा अगदी अल्प अंश कानाला चिकटून बसणाऱ्या हेडफोनला पुरतो. म्हणून स्पीकरसाठी योग्य असलेला आकडा हेडफोनला जसाच्या तसा लावला, तर कानठळ्या बसू शकतात.

टक्केवारीचा अर्थही सरळ नसतो. माणसाचा कान ध्वनीची वाढ बेरजेने मोजत नाही. ती त्याला पटींनी जाणवते. यासाठीच ध्वनी डेसिबेल या पटदर्शक एककात मोजतात. लिनक्सवरील पल्सऑडिओ या आज्ञावलीत सरकपट्टीच्या आकड्याचा घन केला जातो. पट्टी निम्म्यावर आणली की ध्वनितरंगाची उंची एक-अष्टमांश होते. म्हणजे सुमारे १८ डेसिबेलची घट होते. कानाला मात्र ही घट साधारण बेताची वाटते, आणि हाच त्या गणिताचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी सुरक्षित श्रवणासाठी जे मानक तयार केले, त्यात प्रौढ व्यक्तीसाठी आठवड्याला ८० डेसिबेल पातळीचे ४० तास ही मर्यादा धरली आहे. पातळी ३ डेसिबेलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि अनुज्ञेय वेळ निम्मा होतो. या हिशेबाने ८३ डेसिबेलला २० तास उरतात. ९० डेसिबेलला जेमतेम ४ तास. अंतःकर्णातील ज्या सूक्ष्म रोमपेशी ध्वनी टिपतात, त्या एकदा नष्ट झाल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा निर्माण होत नाहीत.

प्रत्येकाची निराळी नोंद

यावरचा उपाय जुन्या दुकानदाराच्या खतावणीसारखा आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचे पान वेगळे, तशी प्रत्येक साधनाची नोंद वेगळी. पल्सऑडिओ प्रत्येक साधनाची पातळी लिहून ठेवते. एकाच कार्डावर स्पीकर आणि हेडफोन अशी दोन द्वारे असतील, तर त्या दोहोंचीही स्वतंत्र नोंद ठेवते. आवाज बंद केलेला होता की चालू, हेही त्या नोंदीत असते. त्याचा उपयोग एका उदाहरणावरून ध्यानात येईल. ग्रंथालयात एक विद्यार्थी लॅपटॉपला हेडफोन लावून व्याख्यान ऐकत आहे. कोणाचा तरी पाय तारेत अडकतो आणि हेडफोन निसटतो. स्पीकरच्या नोंदीत ‘आवाज बंद’ असे असेल, तर शांतता भंग पावत नाही. दोहोंची नोंद एकच असेल, तर सारे ग्रंथालय मान वर करून पाहते.

येथे क्रमालाही महत्त्व आहे. नव्या साधनाची पातळी आधी ठरली पाहिजे आणि ध्वनी त्यानंतर तिकडे वळवला पाहिजे. हा क्रम उलटला, तर क्षणभर का होईना, जुन्या साधनाची पातळी नव्याच्या माथी बसते. ज्या साधनाची नोंदच नाही, अशा नवख्या पाहुण्याचे स्वागत हलक्या आवाजाने करणे हेच शहाणपणाचे.

साधनांबरोबर कार्यक्रमांचाही हिशेब ठेवावा लागतो. २००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये प्रत्येक कार्यक्रमाचा आवाज वेगळा ठेवण्याची सोय झाली. २००९ सालच्या विंडोज ७ मध्ये संभाषणासाठी निराळे साधन नेमता येऊ लागले, आणि संभाषण सुरू होताच इतर आवाज ८० टक्क्यांनी खाली आणण्याची व्यवस्थाही तिच्यात होती.

अग्रक्रम कोणाचा

दोन साधने एकदम हजर असतील, तर मान कोणाला द्यायचा? ‘जे सर्वांत शेवटी आले ते’ हा नियम सोपा आहे आणि हेडफोनच्या बाबतीत तो बहुधा बरोबर ठरतो. माणूस हेडफोन ऐकण्यासाठीच लावतो. मॉनिटरची गोष्ट वेगळी. मॉनिटर जोडणाऱ्याला बहुतेक वेळा मोठे चित्र हवे असते. कित्येक मॉनिटरना तर स्पीकरच नसतात. पण एचडीएमआयच्या तारेमुळे ते ध्वनिसाधन म्हणून दाखल होतात, आणि सगळा आवाज अशा ठिकाणी जातो जेथून तो कोणालाच ऐकू येत नाही. या अनुभवातून पल्सऑडिओच्या २०२० सालच्या आवृत्तीत, नव्या साधनाकडे आपोआप वळताना एचडीएमआय साधने वगळावीत असा नियम झाला.

बिनतारी हेडसेटची आणखी एक खोच आहे. संगीतासाठी त्याची एक रीत असते, तीत ध्वनी एकाच दिशेने जातो. दूरध्वनीसाठी दुसरी असते, तीत बोलणे आणि ऐकणे दोन्ही होते. संगीतासाठी ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतले जातात. दूरध्वनीच्या रूढ रीतीत ८,००० किंवा १६,०००. म्हणून गाणे ऐकत असताना एखाद्या कार्यक्रमाने हेडसेटचा मायक्रोफोन मागितला, की गाणे एकाएकी डब्यातून आल्यासारखे बोदे होते. हेडसेट बिघडला असे मानून तो बदलण्याची गरज नसते. मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा अंगचा मायक्रोफोन निवडला की बहुधा गाण्याचा मूळ स्वर परत येतो.

ज्यांच्यासाठी आवाज हाच पडदा

या सर्व चर्चेचे खरे गांभीर्य दृष्टिहीन व्यक्तीच्या बाबतीत प्रत्ययास येते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या आधारावर ती संगणक चालवते. अशा आज्ञावलींपैकी ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य आज्ञावली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ साली लिहिण्यास आरंभ केला; ते स्वतः दृष्टिहीन आहेत. तिच्यासोबत येणारे ईस्पीक हे वाणीयंत्र हिंदी, मराठी, तमिळ, कन्नड अशा अनेक भारतीय भाषा वाचते.

आता मुक्या मॉनिटरचे उदाहरण पुन्हा आठवावे. डोळस माणसाचा आवाज चुकीच्या ठिकाणी गेला, तर तो पडद्यावर पाहून दोन क्षणांत तो परत आणतो. दृष्टिहीन व्यक्तीचा आवाज गेला, की आवाज परत आणण्याचे साधनही त्याच्याबरोबर जाते. कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच राहावी, तशी ही अवस्था. म्हणून एनव्हीडीएमध्ये तिचे बोलणे कोणत्या साधनावर ऐकू यावे हे स्वतंत्रपणे नेमून ठेवता येते. चित्रपटाचा आवाज कोठेही जावो, वाचकाचा आवाज ठरल्या जागीच राहतो.

अखेरचा शब्द माणसाचा

स्वयंचलित व्यवस्थेला एक मोह नेहमी असतो. तो म्हणजे माणसाने केलेला बदल पुसून टाकण्याचा. संभाषणाचे काही कार्यक्रम मायक्रोफोनची पातळी आपणहून वरखाली करतात. त्याच वेळी दुसरी एखादी आज्ञावली ती पातळी ठरावीक आकड्यावर आणून ठेवत असेल, तर दोघींची ओढाताण सुरू होते आणि बोलणाऱ्याचा आवाज पलीकडे चढउतार होत पोहोचतो. अशा वेळी दोहोंपैकी एकीचा अधिकार काढून घेणे एवढाच उपाय असतो. एका खुंटीला एकच धनी असावा.

चांगल्या कारभाराची लक्षणे यावरून सांगता येतील. प्रत्येक साधनाची नोंद वेगळी असावी. अनोळखी साधनाची सुरुवात हलक्या आवाजाने व्हावी. नवे आले म्हणून जुन्याला मुकाट्याने हुसकावू नये. बदल झालाच तर तो दिसेल आणि ऐकूही येईल अशा रीतीने कळवावा. आणि माणसाने स्वतःच्या हाताने केलेली निवड ही सर्व नियमांच्या वरची मानून ती पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवावी. आज्ञावलीला साधन कोणते हे कळते. ऐकणारा कोण आहे, त्याचे कान कसे आहेत आणि शेजारच्या खोलीत कोण निजले आहे, हे मात्र माणसालाच ठाऊक असते.