कुठला दिवा, ते आधी सांग

सुमेधा, परवा तुझा फोन आला, "मामा, झाडूवाला डेड झालाय." मी विचारलं, त्या झाडणाऱ्या रोबोचा कुठला दिवा लागलाय? तर म्हणालीस, "दिवा तो दिवा, लागलाय खरा." अगं, तिथेच सगळा घोळ आहे.

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. १९८६ साली मुंबईचं खातं महानगर टेलिफोन निगम झालं, तेव्हाही लोक हेच म्हणायचे, "फोन डेड आहे." त्यावर विश्वास ठेवून सामान उचललं तर अख्खी दुपार फुकट. टोन येतो का? खरखर आहे का? आधी हे विचारायचं. मग डीपीवर, म्हणजे घरोघरच्या तारा फुटतात त्या डब्यावर, आपला हँडसेट लावून बघायचा. तिथे टोन आला तर फॉल्ट घरात, नाही आला तर पुढे रस्त्यावरच्या पिलरच्या पेटीकडे चालायला लागायचं. तुझ्या यंत्राचंही तसंच आहे.

त्याला दोन आजार होतात, एक पोटाचा आणि एक बोलण्याचा. चालू करायच्या बटणाभोवतीचा दिवा पोटाचा. बऱ्याच यंत्रांत तो पांढरा किंवा हिरवा स्थिर असेल तर ठीक, मंद उजळत-विझत असेल तर यंत्र चार्ज होतंय, लाल स्थिर म्हणजे बॅटरी उतरलीय, लाल लुकलुकला की काहीतरी अडकलंय. रंग कंपनीगणिक बदलतात. म्हणून सोबत आलेली पुस्तिका फेकू नकोस, त्या पानाचा फोटो काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटव. शेजारचा बारीक दिवा वायफायचा. त्याचा रंग नको बघूस, वेग बघ. सावकाश लुकलुकला तर तुझी वाट बघतोय, भराभर लुकलुकला तर जोडायच्या खटपटीत आहे, स्थिर असेल तर यंत्र जोडलं गेलंय. थोडंफार इकडेतिकडे सोडलं तर बहुतेकांत असंच असतं.

आणि वायफाय नाही म्हणून कचरा तसाच ठेवू नकोस गं. अमेरिकेत २००२ साली रूम्बा नावाचा असाच रोबो आला, तो वायफायशिवायच झाडायचा. रूम्ब्याला वायफाय मिळालं ते २०१५ साली. बटण दाब, तुझंही यंत्र झाडेल. फक्त तुझ्या फोनला कळणार नाही, एवढंच.

आता जोडणीचं. यातली बहुतेक यंत्रं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. तुझा नवा राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने सोडतो. फोन ५ वर बसतो, यंत्राला ते ऐकूच येत नाही, आणि आपण पासवर्ड चुकला म्हणून कपाळ बडवतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींची नावं वेगळी कर. सुरक्षा डब्ल्यूपीए-३ वर असेल तर डब्ल्यूपीए-२ कर. जोडताना फोनचा मोबाइल डेटा बंद, लोकेशन चालू.

तरी नाही जमलं तर माझी डीपीवाली युक्ती कर. घरातल्या दुसऱ्या फोनवर २.४ चा हॉटस्पॉट लाव आणि यंत्र त्याला जोड. जोडलं गेलं तर यंत्र धडधाकट आहे, दोष राउटरचा. नाहीच जोडलं गेलं तरच दुकानदाराशी भांड.

आमच्याकडे, गोराईच्या म्हाडाच्या घरात, राउटर पुढच्या खोलीत, यंत्र पलंगाखाली आणि मध्ये लोखंडी कपाट. लोखंडाआड सिग्नल उरतोच किती! डॉक, म्हणजे यंत्र चार्जिंगला बसतं तो थांबा, कपाटापासून दोन हात बाजूला सरकवला, तेवढ्यानं भागलं.

आमचं यंत्र न्यू जर्सीहून आलंय, त्यानं माझे चार दिवस खाल्ले. तुलाही कुणी तिकडून पाठवलं तर डॉकच्या अडॅप्टरवर १००-२४० लिहिलंय का ते आधी वाच. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० वर लावलंस की धूरच. दुसरं, तिकडची बरीच यंत्रं राउटरचे १२ आणि १३ हे चॅनल ओळखत नाहीत. राउटर १, ६ किंवा ११ वर ठेव. तिसरं, ॲपमधला देश. यंत्र ज्या देशासाठी बनलंय तोच निवडावा लागतो, आपण राहतो तो नव्हे.

वीज जाऊन आली की लगेच रीसेट करायला धावू नकोस. राउटरला उठू दे. दहा मिनिटं थांब, यंत्र बहुधा आपणहून जोडतं. आणि रीसेट करायचंच तर फक्त वायफायचं कर. फॅक्टरी रीसेट केलंस तर घराचा नकाशा पुसला जातो, मग त्याला पुन्हा भिंती शोधत फिरवा.

आमच्याकडे खाडी जवळ, पावसाळ्यात पितळी भांडी चार दिवसांत काळवंडतात. डॉकच्या आणि यंत्राच्या चार्जिंगच्या पट्ट्यांचंही तेच होतं. यंत्र डॉकवर बसलंय, पण दिवा उजळत-विझत नाही, असं झालं तर कोरड्या फडक्याने पट्ट्या पूस. डाग जाईना तर पेन्सिलचं खोडरबर हलक्या हाताने फिरव. पाणी लावू नकोस.

काळ्या कडप्प्यावर यंत्र अडून बसलं तर त्याला नावं ठेवू नकोस. पोटाखालचे सेन्सर उजेड टाकून परत येतो का बघतात. काळी फरशी तो गिळते, आणि यंत्राला वाटतं पुढे खड्डा आहे. ते सेन्सरही महिन्यातून एकदा पूस.

दिवाळीत मात्र यंत्राला डॉकवरच बसव. गेल्या वर्षी तुझ्या मामीची रांगोळी आमच्या यंत्रानं एका फेऱ्यात गिळली. फिल्टर पिठासारख्या पुडीने भरला, लाल दिवा लुकलुकायला लागला, आणि मामी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.